कळते, पण वळते कधी? तरुणांची मूल्ये घडण्यामागचे मानसशास्त्र

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला आणि त्याच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढे लोकांचा उद्रेक झाला, आदेशात बदल झाला, प्रकरण न्यायालयात गेले. त्या तपशिलात शिरण्याचे इथे प्रयोजन नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो निबंध. त्यावर विनोद झाले, संताप व्यक्त झाला आणि दोन्ही समजण्यासारखे होते.

मात्र राग ओसरल्यावर विचार केला, तर त्या अटीमागची श्रद्धा आपल्याला अजिबात परकी नाही, हे मान्य करावे लागते. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिला जातो. महाराष्ट्रातील शाळांमध्ये मूल्यशिक्षणाच्या तासाला वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशा दहा मूल्यांची यादी मुलांच्या कानांवर पडत आली आहे. चांगले शब्द पुरेशा वेळा कानांवरून आणि वहीवरून गेले, की ते आपोआप आत उतरतात, असे आपण धरून चालतो. आपली भाषाही याला साथ देते. मराठीत आपण मुलां‘वर’ संस्कार ‘करतो’. या वाक्यात सगळे काम मोठ्यांकडे असते आणि मुलाला करण्यासारखे काहीच उरत नाही. मुले आणि तरुण आपली मूल्ये कशी घडवतात याचा मानसशास्त्रज्ञ सुमारे शंभर वर्षे अभ्यास करत आहेत आणि त्यांच्यात आपापसांत कितीही मतभेद असले, तरी या वाक्याशी मात्र त्यांपैकी बहुतेकांचे जमत नाही.

मूल्य म्हणजे नेमके काय?

रोजच्या बोलण्यात आपण मूल्य, मत, सवय आणि शिस्त हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. सकाळी लवकर उठणे ही सवय आहे. अमुक पक्षाला मत द्यावे हे मत आहे. मूल्य त्यांच्या मागे उभे असते. आयुष्यात काय महत्त्वाचे आहे याविषयीची, एका प्रसंगापुरती मर्यादित नसलेली धारणा म्हणजे मूल्य. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये २० देशांतील माहितीच्या आधारे अशी दहा मूलभूत मूल्ये मांडली. त्यांत सुरक्षितता, परंपरा, यश, सत्ता, स्वतःचे निर्णय स्वतः घेणे, जवळच्यांचे भले, सर्वांचे भले यांसारखी मूल्ये येतात. ही मूल्ये जवळजवळ सगळ्या समाजांत आढळतात, हा त्या मांडणीचा एक भाग. पण अधिक उपयोगी भाग पुढे आहे. माणसामाणसांत फरक पडतो तो कोणते मूल्य आहे आणि कोणते नाही यामुळे नव्हे, तर त्यांचा क्रम कसा लावला आहे यामुळे.

घरखर्चाचे उदाहरण घ्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळे हवे असते: किराणा, मुलांची फी, सण, सहल, आजीची औषधे. पंचवीस तारखेला पैसे कमी पडू लागले, की कशाला कात्री लागते यावरून त्या घराचे अग्रक्रम कळतात. मूल्यांचेही तसेच आहे. प्रामाणिकपणा हवा का, असे विचारले तर नाही म्हणणारा विरळाच. मित्राला कॉपी करताना पाहिले तर काय करशील, असे विचारले की प्रामाणिकपणा आणि मैत्री यांना एका रांगेत उभे करावे लागते आणि तिथे खरे उत्तर सुरू होते. जर्मनीतील संशोधकांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची चाचणी तयार करून पाहिली, तेव्हा याच मूल्यांची साधारण अशीच रचना त्या वयातही दिसली. म्हणजे दहावी-बारावीपर्यंत मुलांच्या मनाची पाटी कोरी असते, हा समज सोडून द्यायला हवा.

कच्च्या मातीचा गोळा

मूल म्हणजे कच्च्या मातीचा गोळा, ही उपमा आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती उपमा आहे हेच आपण विसरतो. तिला पहिला मोठा धक्का दिला तो स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजे यांनी. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाची सुरुवात गोट्यांच्या खेळापासून होते. हा माणूस मुलांसोबत गोट्या खेळायला बसे आणि विचारत असे, की हा नियम कुणी केला, तो बदलता येईल का. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली, हात न लावण्याची गोष्ट वाटे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र उमगलेले असे, की नियम आपण ठरवतो आणि सगळ्यांची संमती असेल तर बदलूही शकतो. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. खेळताना भांडणे झाली, ती मिटवावी लागली आणि त्यातून समज आली.

पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात. दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एकच कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान मुले पंधरा कपांकडे बोट दाखवत, थोडी मोठी मुले हेतूकडे. वयाबरोबर हा फरक पडतो, कारण मूल विचार करत असते.

हा धागा पुढे नेला लॉरेन्स कोलबर्ग यांनी. १९५८ च्या शिकागो विद्यापीठातील प्रबंधासाठी त्यांनी दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांसमोर एक पेच ठेवला. हाइन्झ नावाच्या माणसाची पत्नी कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. तिला वाचवू शकणारे औषध गावातील औषधवाला खर्चाच्या दहापट किमतीला विकतो. हाइन्झकडे निम्मेच पैसे जमतात. त्याने औषध चोरावे का? कोलबर्ग यांना हो की नाही यात रस नव्हता, कारणात होता. ‘तुरुंगात जावे लागेल’, ‘लोक काय म्हणतील’, ‘कायदा मोडला तर समाज चालणार नाही’, ‘माणसाचा जीव मालमत्तेपेक्षा मोठा’ ही कारणे त्यांनी सहा पायऱ्यांवर मांडली. ही शिडी पुढे बरीच खिळखिळी झाली. त्यांनी तपासलेले सगळे मुलगे होते, याकडे त्यांच्या सहकारी कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये बोट दाखवले आणि न्यायाइतकीच काळजी व नाती हाही नैतिकतेचा पाया असू शकतो, असे मांडले. पुढच्या अभ्यासांत स्त्री-पुरुषांमधला फरक गिलिगन म्हणत होत्या त्याहून बराच लहान निघाला, पण प्रश्न विचारला गेला ते चांगलेच झाले.

माझ्या मते पालकांच्या दृष्टीने याहून उपयोगाचे काम एलियट ट्युरिएल यांचे आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना फार साधा प्रश्न विचारला: ‘बाईंनी परवानगी दिली, तर चालेल का?’ गणवेश न घालता शाळेत येणे, बाईंनी परवानगी दिली तर चालेल? चालेल. दुसऱ्या मुलाला मारणे, बाईंनी परवानगी दिली तर? तरीही चालणार नाही, कारण त्याला लागते. तीन-चार वर्षांची मुलेही हा भेद करू लागतात. म्हणजे रीत आणि नीती यांतला फरक मुलांना आपण समजतो त्याहून फार आधी कळतो. या दोन कप्प्यांना तिसरा कप्पा येऊन मिळतो तो खासगी गोष्टींचा: माझे केस, माझे कपडे, माझे मित्र.

किशोरवयातील भांडणांचा उलगडा इथे होतो. रॉचेस्टर विद्यापीठातील ज्युडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षे आईवडील आणि मुलांना एकाच भांडणाबद्दल वेगवेगळे विचारले. खोलीतला पसारा हा आईच्या दृष्टीने घराच्या रीतीचा प्रश्न असतो, मुलीच्या दृष्टीने ‘माझी खोली’ असा खासगी प्रश्न असतो. दोघी एकाच पसाऱ्याबद्दल बोलत असल्या, तरी वाद दोन वेगळ्या विषयांवर चाललेला असतो. चोरी करू नये, कुणाला दुखवू नये, अशा बाबतींत मात्र याच किशोरवयीनांना आईवडिलांचा अधिकार बऱ्यापैकी मान्य असतो. केसांच्या रंगावरून मुलाची मूल्ये ढासळली असा निष्कर्ष काढणाऱ्या काकांना हे कुणीतरी सांगायला हवे.

मुले ऐकतात काय आणि बघतात काय

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेला जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांचा एक प्रयोग आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. मुलांना एक खेळ खेळायला दिला, त्यात बक्षीस मिळे आणि त्यातला काही वाटा गरजू मुलांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकण्याची मुभा होती. आधी एक जण खेळून दाखवी. काही वेळा तो देण्याचे गोडवे गाई आणि देई, काही वेळा गोडवे गाऊनही स्वतः काहीच देत नसे, तर काही वेळा ‘स्वतःचे स्वतःकडे ठेवावे’ असे बोलून नेमके उलट करी. नंतर मुलांची पाळी. मुलांनी पेटीत काही टाकले का, हे त्या माणसाने काय केले यावर अवलंबून राहिले. त्याच्या उपदेशाचा देण्यावर जवळजवळ परिणाम झाला नाही. मात्र तो माणूस चांगला वाटला का, असे विचारल्यावर मुलांच्या उत्तरात त्याच्या बोलण्यालाही वजन होते. थोडक्यात, उपदेशाने उपदेशकाची प्रतिमा सुधारते. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ या म्हणीच्या उत्तरार्धाकडे मुलांचे लक्ष असते, हे आजीला प्रयोगाविना ठाऊक होते. पण बोलणे आणि करणे वेगळे करून प्रत्येकाचा परिणाम मोजता येतो, हे नवे होते.

मग मूल आईवडिलांची मूल्ये घेते कशी? जोन ग्रुसेक आणि जॅकलिन गुडनाऊ यांनी १९९४ मध्ये ही प्रक्रिया दोन टप्प्यांत मांडली. पहिला टप्पा म्हणजे पालकांना नेमके काय म्हणायचे आहे ते मुलाला बरोबर कळणे. दुसरा म्हणजे कळलेले मुलाने स्वीकारणे. बाहेरचा नियम मुलाला स्वतःचा वाटू लागण्याला मानसशास्त्रात आंतरिकीकरण म्हणतात. बहुतेक घरांत सगळी चिंता दुसऱ्या टप्प्याची असते आणि गाडी अडलेली असते पहिल्यावर. खोटे बोलू नये, असे सांगणारे वडील दारात आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणतात, तेव्हा मूल बंड करत नाही, ते गोंधळते. इस्रायलमधील किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्यावरील आरिएल क्नाफो आणि श्वार्ट्झ यांच्या २००३ च्या अभ्यासात हेच दिसले: जिथे पालकांचे संदेश एकमेकांशी जुळणारे होते, तिथे मुलांना पालकांची मूल्ये अधिक अचूक ओळखता आली, जिथे हुकूमशाही होती किंवा शिक्षा म्हणून माया आखडती घेतली जात होती, तिथे मुलांचा अंदाज चुकत होता.

माया आखडती घेणे याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: अबोला. मूल चुकले की दोन दिवस त्याच्याशी न बोलण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि मारण्यापेक्षा ती सभ्य समजली जाते. मार्टिन हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६७ मध्येच शिस्तीच्या तीन तऱ्हांची तुलना केली होती: धाक, अबोला आणि समजावणे. समजावणे म्हणजे लांबलचक व्याख्यान नव्हे. ‘तू ढकललेस, बघ, तो रडतोय’ इतक्या शब्दांत मुलाचे लक्ष स्वतःच्या शिक्षेकडून दुसऱ्याच्या दुखण्याकडे वळवणे. मुलांच्या नैतिक समजेशी सर्वांत चांगला संबंध या तिसऱ्या तऱ्हेचा दिसला. धाकाचा संबंध उलटा होता आणि अबोल्याचा फारसा काहीच नव्हता. कारणही उघड आहे: मुलाचे सारे लक्ष आई पुन्हा कधी बोलेल याकडे लागलेले असते, ज्याला त्याने त्रास दिला त्याच्याकडे ते जातच नाही.

दही लावणाऱ्या कुणालाही हे समजेल. विरजण कितीही चांगल्या दह्याचे असो, दूध थंडगार असेल तर ते लागत नाही आणि कढत असेल तर नासते. घरातील ऊब हा मूल्यशिक्षणाचा सजावटीचा भाग नाही, मूल्ये धरण्याची ती अट आहे. तरीही या उपमेला एक मर्यादा आहे. दूध सगळ्या घरांत सारखे नसते: जुळ्यांवरील अभ्यासांतून मूल्यांच्या अग्रक्रमात आनुवंशिकतेचाही काही वाटा दिसतो. त्यामुळे एकाच घरातील दोन भावंडे वेगळी निघाली, तर दोष लगेच आईच्या पदरात टाकू नये.

‘संस्कारक्षम वय’ कधी संपते?

लहानपणी झाले ते झाले, नंतर माणूस बदलत नाही, असे आपण म्हणतो. याच्या उलट दिशेने जाणारा एक अभ्यास इतका सुरेख आहे, की त्यावर थोडे रेंगाळायला हवे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९३२ मध्ये बेनिंग्टन नावाचे मुलींचे महाविद्यालय सुरू झाले. फी भरपूर होती, त्यामुळे मुली बहुतेक श्रीमंत आणि पुराणमतवादी घरांतील होत्या. अध्यापक मात्र तरुण आणि पुरोगामी विचारांचे होते. महामंदीचा काळ होता, बाहेर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांवर रण माजले होते. थिओडोर न्यूकम हे तिथे शिकवणारे समाजमानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९३५ ते १९३९ या काळात तिथल्या विद्यार्थिनींच्या मतांची नोंद ठेवली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली पुराणमतवादी उमेदवार लँडन यांच्या बाजूने होत्या, म्हणजे जवळपास त्यांच्या आईवडिलांइतक्याच. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींमध्ये लँडन यांना पाठिंबा देणाऱ्या उरल्या फक्त १५ टक्के.

इथे कुणी म्हणेल, की प्राध्यापकांनी मुलींना फितवले. न्यूकम यांनी काढलेले कारण अधिक सूक्ष्म होते. त्या महाविद्यालयात ज्या मुलींना मान होता, ज्यांना इतर मुली पुढारी म्हणून निवडत, त्या पुरोगामी विचारांच्या होत्या. नव्या मुलीला आपलेसे व्हायचे असेल, तर ती त्यांच्याकडे पाही. ज्या मुलींची मते बदलली नाहीत, त्यांपैकी अनेक जणी मनाने घराशीच बांधलेल्या होत्या किंवा महाविद्यालयात एकट्या पडलेल्या होत्या. आपण कुणासारखे व्हायचे हे मनात ठरवताना माणूस ज्या गटाकडे पाहतो, त्याला संदर्भगट म्हणतात. मुलींच्या मूल्यांपाठोपाठ नव्हे, त्यांच्या आधी त्यांचा संदर्भगट बदलला होता.

खरी कमाल पुढे आहे. न्यूकम १९६० च्या सुमारास या स्त्रियांकडे परत गेले. त्यांची लग्ने झाली होती, बहुतेकींची घरे सुस्थितीत होती. तरीही त्या आपल्या वर्गातील इतर स्त्रियांच्या मानाने पुरोगामीच राहिल्या होत्या. १९८४ मध्ये तिसऱ्यांदा गाठ घेतली, तेव्हा त्या सत्तरीच्या आसपास होत्या, आणि तेव्हाही बऱ्याच अंशी चित्र तेच होते. मते टिकली कशी? त्या स्त्रियांनी नवरे, मैत्रिणी आणि कामे अशी निवडली होती, की ती मते जपली जातील. उलट, ज्यांच्या भोवतालच्या लोकांचे विचार वेगळे होते, त्यांच्यापैकी काही पुन्हा जुन्या वाटेवर गेल्या. अठरा ते बावीस हे वय त्या अर्थाने संस्कारक्षम असते, पण त्या वयात धरलेला रंग नंतरही निवडलेल्या सोबतीने पक्का होत असतो.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. अमेरिकेच्या एका छोट्या, महागड्या महाविद्यालयातील ही गोष्ट आहे. दुसऱ्या महाविद्यालयात, दुसऱ्या काळात हवा उलटी असेल तर बदलही उलट्या दिशेने होईल. पुरोगामी विचार आपोआप जिंकतात, असा या अभ्यासाचा अर्थ लावणारे त्यातला निम्माच भाग वाचतात.

म्हणजे सगळा दोष संगतीचा?

मुलगा बिघडला की ‘वाईट संगत लागली’ म्हणायचे, ही सोय आहे. मजा अशी, की त्या दुसऱ्या मुलाच्या घरीही हेच वाक्य बोलले जात असते. डेनिस कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातील शाळांमधील मित्रांच्या जोड्यांचा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अभ्यास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसले, की मित्र एकमेकांसारखे असण्याची दोन कारणे आहेत आणि त्यांचे वजन साधारण सारखेच आहे: मित्र एकमेकांना बदलतात हे एक, आणि मुळात आपल्यासारखाच मित्र निवडला जातो हे दुसरे. संगत लागते तशी ती शोधलीही जाते.

तरीही मित्रांची उपस्थिती किशोरवयात खास परिणाम करते, हे नाकारता येत नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांपुढील अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला; सिग्नल कधीही लाल होईल, थांबायचे केव्हा ते ठरवा. मित्र शेजारी उभे असताना किशोरवयीनांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या बाबतीत मित्र असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. ही मुले धोका ओळखत नव्हती असे नाही. त्या क्षणी मित्रांच्या डोळ्यांतले कौतुक जड ठरत होते, आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो.

आता मोबाइल. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आणि आपल्याकडेही तशी मागणी अधूनमधून ऐकू येते. बंदीच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही बहुधा मोबाइलमध्ये काय दिसते याबद्दल बोलतात. बेनिंग्टनच्या अभ्यासाच्या प्रकाशात मला दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: मुलाचा संदर्भगट कोणता? पूर्वी तो गल्लीत, वर्गात, नात्यात असे आणि आईला त्यांची नावे ठाऊक असत. आज सांगलीतल्या मुलाला ज्याच्यासारखे व्हायचे आहे तो माणूस दुबईत असू शकतो आणि त्याचे नाव घरात कुणी ऐकलेलेही नसते.

हे सगळे पाश्चात्त्यांचे संशोधन, आपल्याला ते लागू पडते का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो सर्वांत आधी मानसशास्त्रज्ञांनीच घेतला. त्यातील एक महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरच्या जुन्या मंदिर-परिसरातील आणि शिकागोतील मुले व प्रौढ यांच्यापुढे ३९ वागणुकी ठेवल्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांनी जी कृत्ये सर्वांत गंभीर ठरवली, त्यांत एक होते: वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोच्या मुलांना यात चुकीचे काय हेच कळेना. मराठी वाचकाला सुतक माहीत असल्यामुळे तो दोन्ही बाजू समजू शकतो. श्वेडर यांचे म्हणणे असे, की रीत आणि नीती वेगळ्या असतात हा भेदच मुळात सगळीकडे सारखा नाही.

ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दिलेले उत्तरही वाचण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे, त्या मुलाला विचारा की कोंबडी खाण्यात वाईट काय. तो सांगेल, की वडिलांच्या आत्म्याला गती मिळणार नाही, त्यांना त्रास होईल. म्हणजे ‘दुसऱ्याला इजा करू नये’ हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे, मेलेल्या माणसालाही इजा होऊ शकते ही समजूत एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. मला स्वतःला ट्युरिएल यांचे उत्तर चतुर वाटते, पण पुरेसे वाटत नाही. सुतक पाळणारा प्रत्येक जण मनात आत्म्याचा हिशेब करत असतो, असे आपल्या घरांत तरी दिसत नाही.

मिलर यांनी पुढे म्हैसूर आणि अमेरिकेतील न्यू हेवन या शहरांतील लोकांची तुलना केली. मित्राला किंवा अनोळखी माणसाला छोटीशी मदत करणे हे म्हैसूरच्या लोकांना कर्तव्य वाटे. न्यू हेवनच्या लोकांना जिवावर बेतले असेल तरच ते बंधन वाटे, एरवी ज्याची त्याची मर्जी. डेव्हिड बर्सॉफ यांच्यासह केलेल्या १९९२ च्या अभ्यासात एक पेच असा होता: जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोहोचवायला निघालेल्या माणसाचे पाकीट स्थानकावर चोरीला जाते, शेजारच्या माणसाच्या कोटात तिकीट दिसते. ते घ्यावे का? अमेरिकी उत्तरांचा कल चोरी करू नये याकडे होता. म्हैसूरकडच्या बहुतेकांना मित्राला दिलेला शब्द मोठा वाटला. आपल्याकडचा तरुण ‘मित्रासाठी केले’ म्हणतो तेव्हा तो नीती सोडून बोलतो असे धरू नये. तो एका मूल्यासमोर दुसरे मूल्य ठेवत असतो.

कळते पण वळत नाही, त्याचे काय?

अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी देऊन पाहिले: स्वतःचा पेपर स्वतः तपासणे, डोळे मिटून खेळायचा खेळ, पैसे परत करणे. प्रामाणिक मुले एकीकडे आणि अप्रामाणिक दुसरीकडे, असे चित्र काही निघाले नाही. वर्गात कॉपी करणारा मुलगा पैसे इमानदारीत परत करी. चारित्र्य घडवणाऱ्या वर्गांना जाणारी मुले इतरांहून फार वेगळी वागली नाहीत. योग्य काय ते बहुतेकांना माहीत होते.

मग कळणे आणि वळणे यांना जोडणारा दुवा कोणता? ऑगस्टो ब्लासी यांनी १९८० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की विचारांची पातळी आणि वागणूक यांचा संबंध आहे, पण घट्ट नाही. त्यांच्या मते मधला दुवा आहे ‘मी कोण’ हा. प्रामाणिकपणा चांगला असे मानणे वेगळे आणि मी प्रामाणिक माणूस आहे असे मानणे वेगळे. स्वतःला प्रामाणिक मानणाऱ्याला खोटे बोलताना स्वतःशीच झगडावे लागते. अॅन कोल्बी आणि विल्यम डेमन यांनी आयुष्य इतरांसाठी वेचलेल्या २३ अमेरिकी व्यक्तींचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. कोलबर्ग यांच्या शिडीवर त्यातले अनेक जण काही फार वर नव्हते. पण स्वतःचे हित आणि आपले ध्येय त्यांच्या लेखी दोन गोष्टी उरल्याच नव्हत्या.

‘मी कोण’ हे ठरण्याचे वय म्हणजे तारुण्य, हे एरिक एरिक्सन यांनी मांडले. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये त्याला मोजता येईल असे रूप दिले. एक तरुण वेगवेगळे विचार चाचपून, शंका घेऊन निर्णयाला येतो. दुसरा काहीच न चाचपता घरून मिळालेले जसेच्या तसे उचलतो. वरवर पाहता दुसरा गुणी दिसतो आणि आपल्या समाजात त्याचेच कौतुक होते; मार्शिया यांच्या चाचण्यांत मात्र तोच आज्ञापालनाला अधिक महत्त्व देणारा आणि ताठर निघाला. वयात आलेली मुलगी ‘उपास का करायचा?’ असे विचारते, तेव्हा ती उपास सोडेलच असे नाही. कदाचित ती तो पहिल्यांदाच स्वतःहून धरायच्या बेतात असेल.

पण आजच्या पिढीला मूल्येच उरली नाहीत ना?

जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये अमेरिकी प्रौढांना नेमका हाच प्रश्न विचारला. ज्यांना स्वतःला अधिकाराचा मान राखण्याचे महत्त्व जास्त वाटे, त्यांना आजची मुले उद्धट वाटली. जे स्वतः भरपूर वाचत, त्यांना मुले वाचत नाहीत असे वाटले. म्हणजे ज्या गुणात आपण वरचढ, नेमका तोच गुण पुढच्या पिढीत घसरल्याचे दिसते. शिवाय लहानपणीची मुले आठवताना आपण आजचे स्वतःलाच तिथे नेऊन बसवतो. कट्ट्यावरची निम्मी चर्चा यात निकालात निघावी.

आणि त्या निबंधाचे काय?

वॉशिंग्टन शहरातील एका कॅथलिक शाळेत, जिथे बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, अकरावीच्या मुलांना सामाजिक न्यायाचा एक अनिवार्य विषय होता आणि त्याचा भाग म्हणून बेघरांच्या अन्नछत्रात जाऊन वाढण्याचे काम करावे लागे. जेम्स यूनिस आणि मिरांडा येट्स यांनी या मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात राबलेल्यांना वातावरण ओळखीचे वाटेल: सुरुवातीला कुरकुर, मग काम, मग काहीतरी डोक्यात घोळत राहणे.

त्या मुलांनाही निबंध लिहावे लागत, प्रत्येक वेळी अन्नछत्रातून परत आल्यावर, आणि त्यावर वर्गात चर्चा होई. आधी बेघर म्हणजे आळशी किंवा दारुडे अशी चित्रे डोक्यात असलेल्या मुलांना तिथे आपल्या वडिलांच्या वयाची, कामावरून काढलेली, नीट बोलणारी माणसे भेटली. संशोधकांनी ते निबंध वाचले, तेव्हा त्यांना तीन थर दिसले: आधी समोरचा माणूस माणूस म्हणून दिसणे, मग त्याच्या आणि आपल्या नशिबाची तुलना, आणि काही मुलांच्या बाबतीत पुढे जाऊन, या शहरात इतकी माणसे बेघर का आहेत, हा प्रश्न. निबंध तिथेही होता, पण तो अनुभवाच्या मागून येत होता.